ज्युरीत एक साउंडवाला

फिल्म लाइनमध्ये साउंडवाल्याला फोन येतो तो बहुतेक दोनच कारणांनी. काहीतरी ऐकू येत नाहीये, नाहीतर नको ते ऐकू येतंय. म्हणून एका आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या ऑफिसातून फोन आला आणि 'सर, ज्युरीवर याल का?' असं विचारलं गेलं, तेव्हा मी आधी विचारलं, थिएटरच्या साउंडमध्ये काही गडबड आहे का? पलीकडची मुलगी जरा थांबली. 'नाही सर. माहितीपटांची स्पर्धा आहे. तिचे परीक्षक म्हणून.'

महोत्सव भारतातलाच. नाव लिहीत नाही, कारण बंद खोलीत कोण काय बोललं ते बाहेर न्यायचं नाही, अशा कागदावर सही केलेली आहे. परीक्षकांची नावं, चित्रपटांची नावं आणि देश गाळून जे उरतं तेवढंच सांगतो.

मी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून ध्वनी शिकलो आणि तेव्हापासून लोकांच्या तोंडासमोर, पण फ्रेमच्या बाहेर, बूम माइक धरून उभा आहे. काम मुख्यतः माहितीपटांचं. आमची नावं पडद्यावर येतात तेव्हा प्रेक्षक जिन्यात पोचलेले असतात. महोत्सवाला माझा थोडक्यात परिचय हवा होता. तो मी पाठवला. छापायला जाण्याआधी तपासायला आला, तेव्हा त्यात मी संगीतकार झालो होतो. फोन केल्यावर मला साउंड इंजिनिअर केलं गेलं. तेही पूर्ण खरं नाही, पण म्हटलं जाऊ दे. उद्घाटनाच्या भाषणात मधेच माइकनं शिट्टी मारली, तर पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी वळून माझ्याकडेच पाहिलं.

ज्युरीच्या याद्या वाचायची खोड मला जुनी आहे. कॅटलॉग हातात आला की लोक चित्रपटांचं वेळापत्रक उघडतात, मी परीक्षकांचं पान उघडतो. कोण कुठल्या कामातून आलंय ते पाहतो. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १९५२ साली मुंबईत सुरू झाला तेव्हा स्पर्धा नव्हतीच. ती आली १९६५ साली दिल्लीत, आणि ज्युरीचे अध्यक्ष होते सत्यजित राय. राय दिग्दर्शक म्हणून त्या खुर्चीत बसले हे खरं. पण त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी कलकत्त्याच्या जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरी केली होती, आणि १९६५ येईपर्यंत ते स्वतःच्या चित्रपटांचं संगीतही स्वतःच करू लागले होते. त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णमयूर, श्रीलंकेच्या लेस्टर जेम्स पेरीस यांच्या 'गंपेरलिया'ला गेला. रायांसारखा माणूस अध्यक्ष असेल तर बाकीच्या कामांचे प्रतिनिधी नसले तरी चालत असावं.

२००४ साली इफ्फी पणजीला गेला आणि तिथेच राहिला. अलीकडच्या याद्यांत मला दिग्दर्शकांपेक्षा मागच्या फळीतली माणसं जास्त खुणावतात. २०१७ च्या ज्युरीत रॉजर क्रिश्चन होते. ते दिग्दर्शक आहेतच, पण पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या सेट सजावटीच्या ऑस्करमध्ये त्यांचा वाटा आहे. २०१९ चे अध्यक्ष जॉन बेली हे मुळात कॅमेरामन. २०२३ ला जेरोम पायार आले. त्यांनी फ्रान्समधल्या कान महोत्सवाचा फिल्म बाजार वर्षानुवर्षं चालवला, म्हणजे चित्रपट विकला कसा जातो ते त्यांच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक. आणि एक गंमत. २०२३ च्या ज्युरीचे अध्यक्ष शेखर कपूर. २०२४ ला आल्या ऑस्ट्रेलियन संकलक जिल बिलकॉक. २०२५ ला आले इंग्लंडचे सिनेमॅटोग्राफर रेमी अडेफारासिन. तिघांनी मिळून १९९८ चा 'एलिझाबेथ' केला होता: एकाचं दिग्दर्शन, एकीचं संकलन, एकाचा कॅमेरा. ठरवून झालेलं नसणार, पण लागोपाठ तीन वर्षं एकाच चित्रपटाचं युनिट हप्त्याहप्त्यानं मांडवीकाठी येऊन गेलं. त्या युनिटमधल्या साउंडवाल्याला बोलावणं आल्याचं माझ्या वाचनात नाही.

कान महोत्सवात एके काळी ज्युरी म्हणजे लेखकांची बैठक असायची. १९५३ ला झाँ कॉक्तो अध्यक्ष. १९६० ला कादंबरीकार जॉर्ज सिमेनाँ अध्यक्ष आणि सदस्यांत हेन्री मिलर. त्यांनी फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता'ला सर्वोच्च पुरस्कार दिला. १९७६ ला नाटककार टेनेसी विल्यम्स अध्यक्ष होते आणि 'टॅक्सी ड्रायव्हर' जिंकला. पुढे लेखक मागे सरले, दिग्दर्शक आणि नटनट्या पुढे आल्या. लेखक अगदीच गेले नाहीत. २००० साली अरुंधती रॉय होत्या. त्या शिकल्या वास्तुशास्त्र, पटकथा लिहिल्या, कादंबरी लिहिली. २०२५ च्या ज्युरीत आमच्या इन्स्टिट्यूटची पायल कपाडिया होती आणि त्याच टेबलाशी कादंबरीकार लैला स्लिमानीही. आदल्याच वर्षी पायलच्या चित्रपटाला तिथे ग्राँ प्री मिळालं होतं. काल स्पर्धक, आज परीक्षक. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या आमच्यासारख्यांना या गोष्टीचा आनंद जरा जास्तच होतो, ते लपवण्यात अर्थ नाही.

संगीतकारालाही जागा मिळते. अलेक्सांद्र देस्प्ला २०१० ला कानच्या ज्युरीत होते, २०१४ ला व्हेनिसचे अध्यक्ष झाले. ध्वनी म्हटलं की आयोजकांच्या डोळ्यांसमोर संगीत येतं, हे माझ्या परिचयाच्या वेळी मला कळलंच होतं. दारं, पावलं, पंखे, माणसांचे श्वास आणि दोन वाक्यांमधली शांतता जुळवत बसलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही. तक्रार म्हणून हे सांगत नाही. २०२३ ला 'द झोन ऑफ इंटरेस्ट' कानमध्ये आला. छळछावणीच्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते त्यात दाखवत नाहीत, फक्त ऐकवतात. त्या ज्युरीत दिग्दर्शक आणि नट होते, साउंडवाला एकही नव्हता. तरी ग्राँ प्री त्यालाच मिळालं. म्हणजे आमच्यावाचून अडतं असं नाही.

आम्ही पाच जण होतो. अध्यक्ष पूर्व युरोपातले ज्येष्ठ माहितीपट दिग्दर्शक. लॅटिन अमेरिकेतल्या एक संकलक. आशियातल्या दुसऱ्या एका महोत्सवासाठी चित्रपट निवडणारी प्रोग्रॅमर, आमच्यात सगळ्यात तरुण. केरळच्या एक सिनेमॅटोग्राफर बाई. आणि मी. पहिल्याच दिवशी कोण कुठे बसतं ते बघण्यासारखं होतं. आमच्यासाठी मधली एक रांग राखून ठेवली होती, पण तिथे बसलो नाही कुणीच. संकलक बाई अगदी पुढे जाऊन बसल्या. पडदा नजरेत मावला नाही पाहिजे म्हणाल्या. प्रोग्रॅमर दाराजवळ. तिला नंतर कळलं की ज्युरीला मधून उठता येत नाही. तिच्या रोजच्या कामात वीस मिनिटांत चित्रपट बंद करायची मुभा असते, त्यामुळे पहिले दोन दिवस ती फार अस्वस्थ होती. अध्यक्ष खांबामागे. मी थिएटरच्या लांबीचे तीन भाग केले तर मागचा भाग सुरू होतो तिथे, अगदी मध्ये. मिक्सिंगच्या वेळी आम्ही साधारण तिथेच बसतो.

पहिला चित्रपट संपल्यावर सिनेमॅटोग्राफर बाई माझ्याकडे आल्या. 'तुम्हाला चित्र मळकट वाटलं का?' मी म्हटलं, 'चित्राचं माहीत नाही, पण आवाज दबलेला आहे.' आम्ही दोघं प्रोजेक्शनच्या केबिनमध्ये गेलो. तिथला माणूस मराठी निघाला, परळचा, आधी रिळं चढवलेली, आता सर्व्हरवर बटणं दाबतो. आवाजाची पातळी ठरवणारा प्रोसेसरचा फेडर साडेचारवर होता.

'सातवर का नाही?' मी विचारलं.

'साहेब, सातवर ठेवलं की जाहिराती लागल्यावर पब्लिक कान धरून बाहेर येतं. मॅनेजर मला बोलतो.'

त्याचं चूक नव्हतं. जाहिराती आणि ट्रेलर ठणाणा मिसळलेले असतात, म्हणून थिएटरवाले फेडर खाली आणतात. मग मुख्य चित्रपटातले हळू संवाद जमिनीला लागतात. आम्ही स्टुडिओत मिक्स करतो ते सातचा आकडा धरून. साडेचार म्हणजे त्याहून आठेक डेसिबल कमी. पन्नास माणसांनी महिनोन्महिने केलेलं काम, आणि परीक्षक ते असं ऐकणार. इथे तर जाहिराती नव्हत्याच. त्यानं लगेच सातवर नेलं. बाईंनी दिव्याच्या उजेडाचं विचारलं. पडद्यावर चौदा फूट-लॅम्बर्ट उजेड पडायला हवा, तो मोजायचं यंत्र त्यांनी पर्समधून काढलं. लॅम्प जुना झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बदलला. अध्यक्षांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मी चाळीस वर्षं ज्युरीवर बसतोय, केबिनमध्ये एकदाही गेलो नाही. पहिला चित्रपट आम्ही पाचही जणांनी पुन्हा पाहिला. प्रोग्रॅमरनं तो आधी तिच्या यादीतून काढून टाकला होता. दुसऱ्यांदा पाहिल्यावर परत घेतला.

माझ्या मते ज्युरीत कारागीर का असावेत, याचं उत्तर एवढ्यात आलं. पण खोलीत बसल्यावर जे घडलं त्याची मी अपेक्षा केली नव्हती.

मला वाटलं होतं, प्रत्येक जण आपापल्या खात्याची वकिली करेल. झालं उलटंच. केरळच्या बाई सुंदर छायालेखनाबद्दल एक चकार शब्द बोलेनात. दोन चित्रपट तर नुसते बघत राहावेत असे होते. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, 'हे ड्रोनचं आहे आणि ते सकाळी सहाच्या उजेडाचं. उजेड कुणालाही मिळतो, लवकर उठलं की.' संकलक बाईंचं दुसरंच. बंद पडत चाललेल्या कारखान्यावरचा एक लांबलचक चित्रपट होता. त्यात पाळी सुटल्यावर कामगार हात धुतात, तो शॉट संपता संपत नाही. आम्ही चौघांनी एका सुरात सांगितलं की वीस मिनिटं कापायला हवी होती. त्या म्हणाल्या, 'कुठे कापायचं ते मला पाहतानाच दिसत होतं. त्या संकलकालाही दिसलं असणार, तो कच्चा नाही. त्यानं कापलं नाही. का, ते विचार करा.' मग त्यांनी त्या शॉटमधला एक म्हातारा कामगार दाखवून दिला. तो हात धुऊन झाले तरी नळ सोडत नाही. आम्ही कंटाळण्याच्या नादात तो पाहिलाच नव्हता.

माझ्या वाट्याला आली एक मेंढपाळ आजी. डोंगरावर एकटी राहते, वाटेवर बारीक खडी. कॅमेरा लांब, पार दुसऱ्या उतारावर; आजी चिमुकली दिसते, आणि तिचं प्रत्येक पाऊल स्पष्ट ऐकू येतं. कर्र, कर्र. चौघंही त्या चित्रपटावर खूश. अध्यक्ष म्हणाले, एवढ्या लांबून पाहूनही आपण तिच्या शेजारी चालतोय असं वाटतं. मी गप्प होतो. मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं की ती पावलं स्टुडिओतली आहेत. फोली. पडद्याकडे बघत, ट्रेमध्ये खडी ओतून, दुसऱ्याच कुणीतरी चालून भरलेली. आजीला मागून वारा आहे, तिचं लुगडं फडफडतंय आणि पावलांच्या आवाजाला वाऱ्याचा लवलेश नाही. त्या चित्रपटातलं बर्फही तसंच. कॉर्नस्टार्च भरलेली चामड्याची पिशवी चुरगाळली की असा बर्फ वाजतो, हे आमच्यातल्या पोराटोरांना ठाऊक असतं.

सांगावं की नाही? सांगितलं. कथापट असता तर तोंड उघडलं नसतं, हा माहितीपट होता.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग संकलक बाई हसल्या. 'मी गेल्या वर्षी दोन वेगवेगळ्या दिवसांच्या मुलाखती जोडून एक भांडण तयार केलं. दोघं बहीण-भाऊ एका खोलीत कधी आलेच नव्हते.' केरळच्या बाई म्हणाल्या, आम्ही माणसाला सांगतो, जरा खिडकीकडे सरकून बसा. तेही त्याचं रोजचं बसणं नसतं. प्रोग्रॅमरला मात्र हे पटलं नाही. तिचं म्हणणं, कापणं आणि सरकवणं वेगळं, नसलेला आवाज घालणं वेगळं; आधी कळलं असतं तर मी हा चित्रपट निवडलाच नसता. अध्यक्षांनी मला विचारलं, 'तुम्ही स्वतः असं केलंय?' केलंय. बैलगाडीच्या चाकाचा करकर आवाज मी एकदा घरच्या दाराच्या बिजागरीवरून घेतलाय, आणि तो माहितीपट शाळांमधून दाखवला जातो. तेही सांगितलं. माझं मत मी त्याच चित्रपटाच्या बाजूनं टाकलं. कारण पावलं खोटी असली तरी ती कुठे घालायची आणि कुठे नाही, ते ठरवणाऱ्याला ती आजी कळली होती. तिच्या घरात, चुलीपाशी, त्यानं काहीच घातलं नव्हतं. तिथे जो माइकवर आला तोच आवाज, भांड्यांच्या खडखडाटासकट. आता कुणी याला पळवाट म्हणेल. प्रोग्रॅमरनं म्हटलंच.

याच्या उलट प्रकरण एका पोरावरच्या चित्रपटाचं. वाऱ्यानं भरलेला आवाज, मधेच पोराचं वाक्यच गायब. पहिल्या फेरीत सगळ्यांनी त्याला 'तांत्रिकदृष्ट्या कमजोर' म्हणून बाजूला ठेवला. मी एवढंच सांगितलं की हे रेकॉर्डिस्टचं काम नाही. कॅमेऱ्यावरच्या माइकनं, एकट्या माणसानं घेतलंय हे. चित्रपटाची दिग्दर्शक बाई पोरासोबत एकटीच होती, आणि एकटी होती म्हणूनच ते पोर तसं बोललं. मी तिथे बूम घेऊन उभा असतो तर ते घडलं नसतं. हे म्हणणं मला जड गेलं, माझ्या पोटापाण्याच्या विरोधात आहे. पण अध्यक्षांनी त्यावरून चर्चा पुन्हा उघडली. शेवटी त्याला विशेष उल्लेख मिळाला, तीन विरुद्ध दोन.

एका चित्रपटाच्या वेळी मी बाहेर होतो. त्याचं ध्वनिसंयोजन माझ्या जुन्या सहायकानं केलं होतं. हे आधीच लेखी कळवलं होतं, त्यामुळे तो चर्चेला आला की मी बाहेर जाऊन चहा पीत बसायचो. आपल्याकडे साउंडची दुनिया इतकी लहान आहे की भारतीय साउंडवाल्याला ज्युरीवर घेतलं तर त्याला अर्धा वेळ चहाच प्यावा लागेल. आम्हाला बोलावत नाहीत त्यामागे हेही एक कारण असेल.

सर्वोत्कृष्ट माहितीपट ठरला तो कारखान्याचा, हात धुण्यासकट. आजीला दुसरा पुरस्कार. तांत्रिक उत्कृष्टतेचा पुरस्कार तिथे एकच होता. छायालेखन, संकलन आणि ध्वनी तिन्ही त्याच एका पिशवीत. तो आम्हा तिघांवर सोपवला. मी एका चित्रपटाचं संकलन सुचवलं, संकलक बाईंनी दुसऱ्याचा कॅमेरा, आणि केरळच्या बाईंनी तिसऱ्याचा ध्वनी. आम्ही तिघंही आपल्या म्हणण्याला धरून बसलो. अध्यक्ष वैतागले. जेवणाची वेळ टळून गेली होती. त्यांनी कॅमेऱ्याला मत दिलं आणि प्रश्न मिटवला.

प्रशस्तिपत्रातल्या ओळींवर मात्र त्याहून जास्त वेळ गेला. दोन-तीन वाक्यांत कारण लिहायचं, तेही स्टेजवर वाचता येईल असं. अध्यक्षांना 'धैर्य' हा शब्द हवा होता. संकलक बाईंना तो कुठेही नको होता. धैर्य सगळ्याच माहितीपटांत असतं म्हणाल्या. कारखान्याच्या पत्रात मी नळाच्या पाण्याच्या आवाजाबद्दल अर्धं वाक्य घातलं होतं. टंकून आलं तेव्हा ते नव्हतं. जागा कमी पडली असावी.

सगळेच दिग्दर्शक असलेल्या ज्युरीबद्दल तेव्हापासून मला थोडी शंका येते. दिग्दर्शक समोरचा चित्रपट पाहता पाहता मनात स्वतःचा चित्रपट करत असतो. आमचे अध्यक्ष फार मोकळे होते, तरी त्यांच्या अनेक वाक्यांची सुरुवात 'मी असतो तर' अशीच होती. कारागिराला तो मोह कमी. तो काम कसं झालंय ते बघतो, आणि आपल्या कामातल्या लबाड्या त्याला ठाऊक असल्यामुळे दुसऱ्याच्या कामाला फार लवकर हात जोडतो. हाही दोषच. पाचही जण कारागीर असते तर आम्ही पुरस्कार कशाकशाला दिले असते देव जाणे.

महोत्सव संपल्यावर त्या ऑफिसातल्या मुलीनं पुढच्या वर्षासाठी नावं सुचवायला सांगितली. मी तीन दिली: एक संकलक, एक वेशभूषाकार आणि मुंबईतली एक मिक्सिंगवाली, जिच्याइतका शाबूत कान मला माझ्या पिढीत माहीत नाही. संकलकाला बोलावणं गेलं. वेशभूषाकाराला 'पुढे बघू' असं सांगितलं. मिक्सिंगवालीला अजून फोन आलेला नाही. ती एका वेब मालिकेत अडकलेली आहे, रात्री दोनला घरी जाते, आणि मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं की तिथे फेडर कितीवर असतो.